शोभेचा चमचा

मी डब्यावरचा कागद बोलतोय. लोक मला लेबल म्हणतात. आता माझे रंग उडाले आहेत, एक कोपरा सुटला आहे, आणि ज्या डब्याला मी चिकटलो आहे त्यात बाळाचं पीठ नसून जाडं मीठ आहे. मीठ आहे असं माझ्यावर कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे आज मी खोटा आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही. लाज वाटते ती ज्या दिवसांत माझं अक्षर न् अक्षर खरं होतं त्या दिवसांची.

माझा जन्म नगरला, माळीवाड्याच्या अंगाला असलेल्या एका छापखान्यात, बहात्तर सालच्या दिवाळीच्या आगेमागे झाला. शहराबाहेर आप्पासाहेबांचा एक छोटा कारखाना होता. तिथे गहू, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भाजून दळत, त्यात दुधाची भुकटी मिसळत आणि ते पीठ अर्ध्या किलोच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ‘बाळपुष्टी’ या नावाने विकत. गरम पाण्यात कालवलं की त्याची खीर होई. पीठ चांगलं होतं. पिठाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

माझ्याआधी त्या डब्यावर एक जुनं लेबल होतं. त्यावर एक गुबगुबीत बाळ, एक वाटी आणि वाटीशेजारी ओळीत काढलेले तीन चमचे. बाकी कारखान्याचं नाव, बस्स. एका वाटीला तीन चमचे, असं लिहायचं सोडून काढून दाखवायची युक्ती आप्पासाहेबांच्या आईची. ती स्वतः निरक्षर होती. “पोरांना भरवतात त्या बायांना वाचता येत नाही आणि वाचता येतं ते पोरांना भरवत नाहीत,” असं तिचं म्हणणं होतं. मी छापला गेलो तेव्हा ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्या साली पाऊस रुसला तो रुसलाच. जिल्ह्यात ठिकठिकाणी दुष्काळी कामं निघाली. तान्ही मुलं घेऊन बाया खडी फोडायला येऊ लागल्या, आणि त्या मुलांसाठी बाळपुष्टीचे डबे घ्यायचं ठरलं. खरेदी करणाऱ्या कचेरीचं पत्र आलं. त्यात एक अट होती: डब्यावर पोषक घटकांचा तक्ता ठळकपणे छापलेला असावा.

अट वाईट नव्हती. आत काय आहे ते लोकांना कळावं, यात गैर काय? आप्पासाहेबांनी ती मनावर घेतली. पीठ तपासून आणलं, आकडे आले, आणि ते कागदावर बसवायला चौघं जण जमले: स्वतः आप्पासाहेब, त्यांचे हेडक्लार्क श्रीमंतराव, छापखान्याचे मालक, आणि चित्रं काढणारा पेंटर भिमाजी. भिमाजी एरवी सिनेमाचे बोर्ड रंगवी. त्यामुळे त्याची बाळंसुद्धा थोडी हिरोसारखी दिसत.

“प्रथिने अठरा टिंब पाच,” आप्पासाहेब वाचत होते. “श्रीमंतराव, हे टिंब कशाला?”

“दशांश चिन्ह आहे, आप्पासाहेब. ते असलं की माणसाचा विश्वास बसतो.”

“मग राहू द्या.”

प्रथिने, स्निग्धांश, कर्बोदके, चुना, लोह, उष्मांक असा नऊ ओळींचा तक्ता झाला. तो ठळक हवा होता, म्हणून मोठ्या टायपात जुळवला. तक्ता बसला आणि जागा संपली. वाटी गेली. तीन चमचे गेले. बाळाला मानेपर्यंत कापलं.

“किती घालायचं ते कुठं लिहायचं?” छापखानेवाल्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. श्रीमंतरावांनी खाली बारीक टायपात एक ओळ घातली: वयोमानानुसार योग्य प्रमाणात द्यावे. कचेरीत वाढलेल्या माणसाला ‘योग्य’ हा शब्द फार आवडतो. तो वापरला की पुढची जबाबदारी वाचणाऱ्यावर जाते.

“आप्पासाहेब, उजव्या अंगाचा एवढासा कोपरा बोडका दिसतो,” भिमाजी म्हणाला. “काहीतरी टाकू का?”

“टाक शोभेचं काही.”

जुन्या लेबलापासून भिमाजीचा हात चमच्यावर बसलेला होता. त्याने एक चमचा काढला. सोनेरी, नक्षीच्या दांड्याचा, एकच. सगळ्यांना तो आवडला. मलाही आवडला, हे मी लपवणार नाही. छापखान्यात माझ्याशेजारी तपकिरीच्या पुड्यांचे कागद आणि लग्नपत्रिका वाळत होत्या. त्यांच्याकडे मी दशांश चिन्हांच्या उंचीवरून बघत होतो.

त्या चौघांनाही वाचता येत होतं. घोळ तिथेच झाला. पण हे मला फार उशिरा कळलं.

मी त्या नव्या लेबलांतला पहिला नमुना. आप्पासाहेबांनी माझ्या तळाशी निळ्या शाईने ‘मंजूर’ लिहिलं आणि सही केली. खरं तर मला फायलीत जायचं होतं. पण श्रीमंतराव कागद वाया जाऊ देणारे नव्हते. त्यांनी मलाही गठ्ठ्यात टाकलं, आणि मी सहीसकट एका डब्याला चिकटलो. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ होती. म्हणजे पोषण माझ्या पाठीला होतं आणि तक्ता पोटावर. गोदामातल्या उंदरांनी माझी दोन भावंडं पाठीकडून खाल्ली. तक्ता त्यांनी वाचला नाही, पण पोट त्यांचं भरलं.

ट्रकने आम्ही पारनेरकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर पोचलो. उघडा माळ, फुटलेल्या खडीचे ढीग आणि कडेला पालापाचोळ्याच्या, पोत्यांच्या झोपड्या. लांबच्या गावांतून आलेले लोक तिथेच राहत. आठवड्यातून दोनदा नर्स केशरबाई येत. मुलांना बघत, औषध देत, महिन्याला एक डबा देत. नवं लेबल तयार होईपर्यंत, मागचे दोन महिने, जुन्याच लेबलाचे डबे वाटताना त्यांनी प्रत्येक बाईला पाठ करून दिलं होतं: “डब्यावर जितके चमचे, तितकेच वाटीत घालायचे. कमी नाही, जास्त नाही.” बायांनी ते नीट लक्षात ठेवलं होतं. मी येईपर्यंत त्यात काही चूक नव्हती.

नवे डबे फोडले त्या दिवशी केशरबाईंनी मला हातात घेऊन तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. “आता कसं नीट लिहिलंय बघा,” त्या म्हणाल्या. त्यांनी मला वाचलं. बघितलं नाही.

मी राहीबाईच्या वाट्याला आलो. राहीबाई खडी फोडायची, नवरा बन्सी तलावाच्या पाळीवर माती टाकायचा आणि सासू गोजरबाई झोपडीच्या सावलीत नऊ महिन्यांच्या नातीला सांभाळायची. नातीचं नाव मनकर्णा. हाक मारताना मनी.

गोजरबाईने डबा उन्हात धरून फिरवला.

“राहे, यवढं कशाचं गं लिवलंय?”

“ताकदीचं आसंल, आत्याबाई.”

“आन् चमचं कुठं गेलं?” तिचं बोट तक्त्यावरून सरकत सरकत कोपऱ्यात आलं. “ह्यो बघ. एकच हाय.”

“एकच?”

“तूच मोज.”

राहीबाईने मोजला. एकापुढे मोजायला काही नव्हतं.

“पयले तीन हुते,” ती म्हणाली.

“आगं, पयला चमचा साधा हुता. ह्यो सोन्याचा हाय. पिठाचा जोर वाढिवला आसंल. उगं का यवढं लिवलंय?”

मला ओरडून सांगावंसं वाटलं, असं मी आज म्हणेन. पण ते खरं नाही. तेव्हा मला त्यांचं हसू आलं होतं. दोन अडाणी बाया, माझ्यासारख्या कागदाचा अर्थ लावतायत.

त्या दिवसापासून मनीच्या वाटीत एक चमचा पडू लागला. खीर पाण्यासारखी व्हायची. मनी ती घटाघटा प्यायची, कारण भूक होती, आणि पोट तट्ट फुगलं की झोपायची. गोजरबाई खूश होती. “बघ, लगीच निजली. जोर हाय पिठाला.” शिवाय डबा लवकर संपत नव्हता. दुष्काळात जे लवकर संपत नाही त्याच्यावर कोण संशय घेणार?

राहीबाईच्याच गावची दगडाबाई शेजारच्या झोपडीत राहायची. तिचा सहादू मनीहून महिन्याने मोठा. दगडाबाई डब्याकडे न बघता सवयीने तीनच चमचे घालायची. एका दुपारी राहीबाईने ते पाहिलं.

“आगं दगडे, काय करतीस? तीन न्हाई घालायचं आता.”

“का गं?”

“नव्या डब्यावं एकच हाय. बघ की. लई कडक झालं तर पोराला बाधंल.”

दगडाबाईने आपला डबा फिरवला, चमचा पाहिला आणि ओशाळून हसली. “माजं ध्यानच न्हाई बाई. बरं झालं सांगितलंस.” तिने दोन चमचे कोरडं पीठ वाटीतून उचलून परत डब्यात टाकलं.

ते दोन चमचे परत जाताना मी समोरच होतो. राहीबाईच्या कडेवर मनी होती आणि हातात डबा.

महिना सव्वा महिना गेला. मनीचे गाल आत गेले. ती रडायची ती किरकिरल्यासारखी, मग तेही कमी झालं. गोजरबाई म्हणे दात येतायत. बन्सी म्हणे पाणी बाधलं. माझ्यावर प्रथिने अठरा टिंब पाच होती, लोह होतं, चुना होता. सगळं माझ्यावर होतं.

मग सहादूला जुलाब लागले आणि दोन दिवसांत तो गेला. नोंदीत कारण लिहिलं: जुलाब. तेही खोटं नव्हतं. त्या माळावर पाणी कसलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि एकट्या माझ्यामुळे तो गेला असं कुणी म्हणणार नाही. माझं नाव कुठे आलंच नाही. छापील कागदाला हे एक सुख असतं.

पण केशरबाई अस्वस्थ झाल्या. पुढच्या खेपेला त्यांनी झोळीचा काटा आणला आणि झाडून सगळी मुलं तोलली. मनीचं वजन दोन महिन्यांपूर्वीपेक्षा कमी भरलं.

“पीठ देतेस ना गं?”

“देती की, बाई. तीन बार देती.”

“कुणाला वाटून टाकतेस? बन्सी खातो?”

राहीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “लेकराच्या तोंडचं खायील व्हय त्यो?”

“मग माझ्यासमोर कर. आत्ता.”

राहीबाईने पाणी उकळलं, वाटीत ओतलं, डबा उघडला, एक चमचा सपाट भरून घातला आणि झाकण लावलं.

“आणि बाकीचं?”

“बाकीचं कंचं?”

“अगं, तीन चमचे ना? मी शिकवलं होतं ना तुम्हाला?”

“तुमीच शिकिवलं, बाई. डब्यावं जितकं तितकंच.” राहीबाईने डबा फिरवून माझा कोपरा त्यांच्यापुढे धरला. “ह्यो बघा. एकच हाय.”

केशरबाईंनी मला दुसऱ्यांदा हातात घेतलं. पहिल्यांदा वाचलं होतं. या वेळी त्यांनी मला राहीबाईच्या डोळ्यांनी पाहिलं असावं. नऊ ओळी काळ्या मुंग्यांच्या, एक अर्धवट कापलेलं बाळ आणि एक चमचा.

मी कागद आहे. मला घाम येत नाही. पण त्या क्षणी माझी खळ ओली झाली असं मला वाटलं. छापलेल्यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि जे एकच वाचलं गेलं ते कुणी लिहिलंच नव्हतं.

“मी चुकले का, बाई?” राहीबाईने विचारलं.

“तू नाही चुकलीस. हा चमचा शोभेचा आहे.”

“शोभंचा म्हंजी?”

केशरबाई चुलीकडे वळल्या.

चुलीतला विझलेला कोळसा उचलून त्या दोन चमचे काढणार होत्या. राहीबाईने तो त्यांच्या हातातून घेतला. “मला काढू द्या.” आयुष्यात तिने लेखणी धरली नव्हती. पहिला चमचा पळीसारखा झाला, दुसरा थोडा तक्त्यावर चढला आणि लोहाची ओळ झाकून गेली. नऊ ओळी आणि एक सही धरूनही माझ्यावर लिहिलेलं पहिलं उपयोगी वाक्य ते. ते लिहिणारीला लिहिता येत नव्हतं.

मग ती तोच कोळसा घेऊन निघाली. डबा काखेत, म्हणजे मी बरोबर. ज्या झोपडीत तान्हं होतं तिथे शिरायची, डबा मागायची, दोन चमचे काढायची, “तीन घाला, तीन” म्हणायची आणि बाहेर पडायची. परतताना शेवटची झोपडी दगडाबाईची होती. राहीबाईने पावलं झपाझप उचलली, मान खाली घातली आणि पुढे निघाली.

“राहे,” आतून हाक आली. “कोळसा घिऊन कुठं निगालीस?”

राहीबाई थांबली. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. दुसऱ्या कुणाकडून उशिरा कळलं असतं, किंवा कळलंही नसतं. तिने दारात बसून सांगितलं. काय पाहिलं, काय समजली, आणि कुणाला काय शिकवलं, सगळं.

दगडाबाई ऐकून घेत राहिली. मग उठली, आत गेली आणि आपला डबा घेऊन आली. झाकण उघडलं. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता. तीन चमच्यांनी तो केव्हाच संपला असता.

“ह्ये मनीला ने,” ती म्हणाली.

“दगडे…”

“ने म्हनती ना. तीन घाल.”

मनी सहादूच्या पिठावर उभी राहिली. यापेक्षा वेगळ्या शब्दांत ते सांगता येत नाही. तीन आठवड्यांत तिच्या रडण्याला आवाज आला, महिन्याभरात ती रांगत खडीच्या ढिगापर्यंत गेली.

माझ्यातलं पीठ संपल्यावर केशरबाई मला नगरला घेऊन गेल्या. “डबा माघारी आना बरं का, बाई,” राहीबाईने बजावलं होतं. चांगला डबा होता.

आप्पासाहेबांच्या टेबलावर मला ठेवून केशरबाईंनी सगळी हकीकत सांगितली. श्रीमंतरावांनी चष्मा पुसून माझ्यावर नजर टाकली.

“पण बाई, तो चमचा प्रमाण म्हणून दिलेला नाही. तसा उल्लेख कुठेही नाही. उलट योग्य प्रमाणात द्यावे असं स्पष्ट छापलंय. आपण नियमात आहोत.”

“आहोत ना,” आप्पासाहेब म्हणाले. ते कोळशाच्या चमच्यांकडे बघत होते. मग त्यांना खाली स्वतःची निळी सही दिसली. त्यांनी ती अंगठ्याने झाकली, थोड्या वेळाने अंगठा काढला. सही तिथेच होती.

“श्रीमंतराव, हे आईला दाखवलं असतं तर तिनं काय विचारलं असतं?”

श्रीमंतरावांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. आप्पासाहेबच पुढे म्हणाले,

“बाकीचे दोन कुठं गेले, असं विचारलं असतं. आणि आपण चौघं होतो इथं. चौघं.”

नवीन लेबल करायचं ठरलं: तक्ता बारीक, वाटी मोठी, चमचे तीन. “छापलेली नऊ हजार शिल्लक आहेत,” श्रीमंतरावांनी हळूच आठवण दिली. “ती आधी संपवून मग…” पुढे ते बोलले नाहीत, कारण आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं होतं. पण डबे थांबवले तर कामावरची मुलं उपाशी राहणार होती. शेवटी दोन चमच्यांचा रबरी शिक्का करून घेतला. पहिल्या दिवशी आप्पासाहेब स्वतः शाईचं पॅड घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत ठोकत राहिले. शिक्के वाकडे उठले, जांभळे, भिमाजीच्या सोनेरी चमच्याची सगळी शोभा घालवणारे. माझी एवढी सुंदर भावंडं मी आधी कधी पाहिली नव्हती.

केशरबाईंनी मला परत आणून दिलं. पुढच्या साली पाऊस झाला, कामं उठली, आणि राहीबाई मला घेऊन आपल्या गावी आली. तेव्हापासून मी चुलीशेजारच्या फळीवर आहे, पोटात मीठ घेऊन. कोळशाचे चमचे हात लागून लागून फिकट झाले. सोनेरी मात्र अजून चमकतो. शोभेच्या गोष्टी टिकाऊ शाईत छापतात.

दगडाबाई अधूनमधून येते. मीठ लागतं, विस्तव लागतो, कधी नुसती बसायला. पहिल्यांदा आली तेव्हा तिने मला फळीवरून उचललं, माझ्यावर बोट ठेवलं आणि मोजलं. एक. दोन. तीन. राहीबाई खाली मान घालून भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“तुला जे दिसलं त्येच तू मला सांगितलं,” दगडाबाई म्हणाली. “त्यात तुजं काय चुकलं?”

दगडाबाईने मूठभर मीठ पदरात घेतलं, झाकण लावलं आणि डबा परत ठेवताना माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. स्वतःला दिसू नये म्हणून नसावं. तिला रोज थोडंच या घरात यायचं होतं? भाकरी थापताना समोर फळी येते ती राहीबाईच्या.

माझं मागणं एवढंच आहे. कागदावर तक्ता जरूर छापा, दशांश चिन्हांसकट छापा. पण ‘मंजूर’ लिहिण्याआधी तो कागद ज्याला वाचता येत नाही अशा एका माणसापुढे धरा आणि विचारा, तुला यात काय दिसतं? सांगेल ते तुमच्या आकड्यांपेक्षा जड असेल.

माझ्यासाठी म्हणाल तर काही नको. मनी आता फळीपर्यंत हात पुरवते. कधी खेळताना ती डबा सरळ करते आणि सोनेरी चमच्यावर नख घासत बसते. तिला कुणी रागावू नये. तेवढा निघाला तर निघू दे. आणि तिचं खेळून झालं की कुणीतरी आठवणीने मला पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवा.